सहा फणसांची सोयरीक

एका जंगलात, मुलांनो, एक खवल्या मांजर राहत असे. आता मांजर म्हणजे म्याऊ करतं का, असं लगेच विचारू नका. करत नाही. अंगभर खवले, निमुळतं तोंड, तोंडात दात एकही नाही आणि जीभ मात्र लांबलचक. घाबरलं की अंगाचं गाठोडं करून पडून राहायचं, एवढं एकच शिक्षण त्याच्या कुळात चालत आलेलं. बाकी शाळा वगैरे काही नव्हती, त्यामुळे सगळे सुखी होते.

या खवल्याचं नाव गुंडोपंत. घरात वेणूबाई ही बायको आणि शेवंती ही एकुलती एक मुलगी. गुंडोपंत स्वभावाने गरीब. रोज संध्याकाळी वारुळाशी बसायचे, दोघींकडे पाठ करायचे आणि पोटभर मुंग्या खायचे. पाठ कशाला? तर जीभ दिसू नये म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वेणूबाईंनी नवऱ्याची जीभ पुरती कधी पाहिली नव्हती. तशी त्यांनी ती कधी चालूही दिली नव्हती म्हणा.

सगळं बरं चाललं होतं. पण मग जंगल सुधारलं.

म्हणजे काय झालं? हॉटेल निघालं. मधोबा अस्वलाने मोठ्या वडाखाली टेबलं मांडली, गल्ल्यावर स्वतः बसला आणि पाटी लावली : "वनविहार उपाहारगृह. कुटुंबासाठी स्वतंत्र सोय. शेपटी खुर्चीखाली घ्यावी. बाहेरची शिकार आत आणू नये."

झालं! जंगलाला वेड लागलं. कुणाला पिल्लू झालं, चला बाहेर. कुणाचं शिंग गळून नवं आलं, चला बाहेर. घरी जेवलो असं सांगायची लोकांना लाज वाटू लागली. ससे तर घरी गवत खाऊन यायचे आणि हॉटेलासमोर उभं राहून उगाच तोंड पुसायचे.

एकटे गुंडोपंत तिकडे फिरकत नव्हते. पाण्यावर जायचं तरी वडाला मोठा वळसा घालून जायचे. कारण विचार नुसता मनात आला तरी त्यांचं धाबं दणाणायचं. आत जायचं, तर बसायचं कुठे? मधल्या टेबलावर बसलं तर सगळे बघणार. कोपऱ्यात बसलं तर, हा कोपऱ्यात का बसला, म्हणून बघणार. मग तो वाढपी येणार. खांद्यावर फडकं टाकून उभा राहणार. एका दमात सतरा पदार्थ म्हणून दाखवणार आणि विचारणार, "काय आणू?" तेव्हा काय सांगायचं? पहिला पदार्थ तर तोपर्यंत विसरलेला! आणि समजा सांगितलं, समजा आणलं, तर ती हातभर जीभ चारचौघांत बाहेर काढायची? छे छे छे.

तर असे हे गुंडोपंत एके दिवशी दारात बसले होते. तेवढ्यात पंखांचा मोठा आवाज करत धनेश आला. हा धनेश जंगलातली लग्नं जमवायचा. चोच एवढी मोठी, की बोललेलं खरं वाटायचं.

"पंत, स्थळ आणलंय," तो म्हणाला. "नदीपलीकडचे आबाजीराव. तुमच्यातलेच, खवल्यांतले. मुलगा वसंता. हिऱ्यासारखा आहे."

हे ऐकून शेवंतीने मान खाली घातली आणि नखाने माती उकरायला लागली. तिला वसंता माहीत होता. नदी आटली होती तेव्हा दोघं एकाच वारुळाला दोन बाजूंनी लागले होते. आत अंधारात कुठेतरी जिभेला जीभ लागली. पुढचं तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. एवढं ध्यानात ठेवा, की त्या दिवसापासून शेवंतीला दुसऱ्या वारुळाची चव लागत नव्हती.

"मंडळी मात्र फार पुढारलेली आहेत हं," धनेश म्हणाला. "म्हणतात, घरी वेणूबाईंना त्रास कशाला? बोलणी बाहेरच करू. येत्या पौर्णिमेला संध्याकाळी, मधोबाच्या हॉटेलात."

गुंडोपंत जागच्या जागी गोल झाले आणि दारातून घरंगळत खाली खड्ड्यात गेले.

"अहो, हे काय! उलगडा आधी!" वेणूबाई वरून ओरडल्या. "पोरीच्या लग्नाचं चाललंय आणि तुम्ही गोल कसले होताय? या खेपेला पळालात ना, तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी!"

गाठोडं हललं नाही. मग शेवंती खाली उतरली आणि त्या गाठोड्याशेजारी बसली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "नसेल जमत तर राहू दे. मी धनेशकाकांना सांगते, मला करायचंच नाही लग्न."

ती रडली असती, तर गुंडोपंत आतच राहिले असते. पण ती रडली नाही. तिने बापाच्या पाठीवरची माती झटकली आणि ती घरात गेली.  आपल्या भित्रेपणापायी आपली गुणाची पोर आयुष्यभर अशीच 'राहू दे बाबा' म्हणत राहणार, हे गुंडोपंतांना दिसलं. ते उलगडले आणि थेट तळ्यावर गेले.

तळ्यावर बगळेमहाराज असत. एका पायावर उभे, डोळे मिटलेले. 'चारचौघांत जेवा, ताठ मानेने जेवा' या नावाचं त्यांचं शिबिर चाले. आजूबाजूला बदकं शिष्य म्हणून तरंगत असत.

"महाराज, मला हॉटेलची भीती वाटते," गुंडोपंत म्हणाले.

"कशाची?" महाराजांनी डोळे न उघडता विचारलं.

"सगळे बघतात माझ्याकडे."

"तू कोण लागून गेलास? वाघ आहेस? मोर आहेस?"

"नाही."

"मग तुझ्याकडे कोण कशाला बघेल? जो तो आपापल्या ताटात बघतो. रोज जा. भीतीला रोज बरोबर घेऊन जा. चार दिवसांनी तीच कंटाळेल आणि घरी बसेल."

गुंडोपंतांना पटलं. दुसऱ्याच दिवशी ते वनविहारमध्ये शिरले. मधलं नाही, कोपऱ्यातलं नाही, असं एक टेबल शोधून बसले. बजाबा माकड फडकं घेऊन आला आणि त्याने सुरुवात केली, "मुंगळ्यांची मिसळ वाळवीची उसळ कुर्ल्यांचं कालवण कंदाची भजी बांबूचे कोंब मधाचं पोळं साधं पोळं मसाला, बोला काय आणू?"

बोलणार कोण? गुंडोपंतांचं तिथल्या तिथे गाठोडं झालं होतं. खुर्चीवरून उडून ते टेबलाच्या मधोमध जाऊन बसलं होतं. बजाबाला वाटलं, गिऱ्हाईक उठून गेलं.

तेवढ्यात गल्ल्यावरून मधोबा ओरडला, "अरे, हा फणस कुणी ठेवला टेबलावर? आत ने बघू!"

हसू नका. गोल झालेला खवल्या आणि फणस यांत तुम्हालाही लवकर फरक कळला नसता. बजाबाने गुंडोपंतांना बगलेत मारलं आणि भटारखान्यात नेऊन ठेवलं. आचारी होता रानडुक्कर. त्याने चीक लागू नये म्हणून दोन्ही हातांना खोबरेल चोळलं. मग कोयत्याला चोळलं. मग फणसाच्या देठाचा अंदाज घेत त्याने कोयता उचलला.

"अहो," फणसातून बारीक आवाज आला, "मी गिऱ्हाईक आहे."

रानडुकराच्या हातून कोयता पडला. बजाबा मात्र पोट धरधरून हसला आणि हसून झाल्यावर त्याला गुंडोपंतांची दया आली. तेल पुसत पुसत तो म्हणाला, "पंत, तुम्ही उद्यापासून काही सांगूच नका. मी येऊन म्हणेन, 'नेहमीचं ना?' तुम्ही नुसती मान हलवा. मी मिसळ आणून ठेवतो."

"पण मी तर आजच पहिल्यांदा आलो!"

"म्हणून काय झालं? नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळे बघतात ते नव्याकडे."

आणि खरंच सांगतो मुलांनो, युक्ती लागू पडली. गुंडोपंत जाऊन बसायचे, बजाबा विचारायचा, ते मान हलवायचे. आधी ते भिंतीकडे तोंड करून खात. मग अर्धं तोंड भिंतीकडे. मग एकदा खुर्ची फिरवून बसले आणि डोळे मिटून त्यांनी सगळी जीभ बाहेर काढली. डोळे उघडून पाहतात तो काय? कुणाचं लक्षच नव्हतं! शेजारच्या टेबलावरचं साळिंदर स्वतःच्या काट्यांत अडकलेली भजी काढण्यात गुंतलं होतं. गुंडोपंतांना एवढा आनंद झाला, की त्यांनी पहिल्यांदा आपण होऊन तोंड उघडलं. "बजाबा," ते म्हणाले, "थोडा रस्सा मिळेल का?"

मिळाला. फुकट मिळाला!

मग काय विचारता! भीती गेली आणि तिच्या जागेवर रुबाब येऊन बसला. "बजाबा, रस्सा आण रे!" असा आवाज आता पार नदीपर्यंत जायचा. गुंडोपंत मधल्या टेबलावर बसू लागले. मधोबाला हवापाण्याच्या गोष्टी सांगू लागले. एकदा हात धुवायला मागच्या बाजूला गेले, तर तिथे मागच्या दाराशी बगळेमहाराज पार्सलसाठी उभे. पंखात डोकं खुपसलेलं. गुंडोपंतांनी वाकून नमस्कार केला, तर महाराज ओळख न देता उडून गेले. मोठी माणसं विसरभोळी असतात, असं गुंडोपंतांना वाटलं.

घरी वेणूबाई वाढून वाट बघायच्या. "जेवणार ना?" विचारायच्या.

"नको. सराव करून आलोय," गुंडोपंत ढेकर देत म्हणायचे. वेणूबाई पुन्हा झाकून ठेवायच्या. पोरीसाठी चाललंय, म्हणून त्या काही बोलत नव्हत्या.

पौर्णिमा आली. नदीपलीकडची मंडळी आली. आबाजीराव, त्यांच्या पत्नी यमुनाबाई आणि वसंता. तिघांचे खवले घासून लख्ख केलेले. तिघंही फार कमी बोलत होते. श्रीमंतांचा ताठा असेल, असं गुंडोपंतांना वाटलं. ते स्वतः मात्र एकदम खुशीत होते. त्यांनी सगळ्यांना मधल्या टेबलावर नेलं, स्वतः खुर्ची ओढली आणि मांडी ठोकून बसले. शेवंतीने बापाकडे असं पाहिलं, की गुंडोपंतांना वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

तेवढ्यात बजाबा आला.

"या या पंत! आज मंडळींना घेऊन? तुमचं नेहमीचंच ना? मिसळ, रस्सा जास्त, लाल मुंग्या वेगळ्या वाटीत!"

"काय पंत," गल्ल्यावरून मधोबा ओरडला, "काल लवकर उठलात ते? आचारी विचारत होता, तब्येत बरी आहे ना म्हणून!"

गुंडोपंत फुलून गेले. पण टेबल एकदम गार पडलं.

"रोज येता वाटतं इथे?" यमुनाबाईंनी विचारलं.

"रोज! एक दिवस चुकत नाही!" गुंडोपंत म्हणाले.

यमुनाबाईंनी आधी वेणूबाईंकडे पाहिलं. मग शेवंतीकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बाई अजून सगळे घरीच जेवतात."

"नाही म्हणजे, सहज विचारतो," आबाजीराव खाकरले. "मुलीला वारूळ उकरता येतं ना?"

वेणूबाईंचा चेहरा पडला. रोज वाढून झाकून ठेवणारी बाई ती! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेवंती टेबलाखाली नखं दाबत बसली. वसंता तिच्याकडे बघत होता, पण बोलायची त्याची काय बिशाद!

"निघावं आता," आबाजीराव म्हणाले. "नदीला पाणी वाढेल."

गुंडोपंत गोंधळले. असं कसं झालं? बाहेर जेवायचं यांनीच सांगितलं, आणि बाहेर जेवतो म्हणून यांनीच नाक मुरडायचं? त्यांनी नीट पाहिलं. आबाजीरावांची शेपटी खुर्चीच्या पायावर टकटक आपटत होती. यमुनाबाईंनी पदार्थांचा तक्ता केव्हाचा तोंडासमोर धरला होता, आणि तो उलटा होता. वसंताची पाठ अर्धी गोल झाली होती. ही टकटक गुंडोपंतांना चांगली ओळखीची होती. अरे, ही तर आपलीच माणसं!

त्यांना भरून आलं. ते प्रेमाने म्हणाले, "आबाजीराव, यात भिण्यासारखं काही नाही हो. मी शिकवतो तुम्हाला."

"भितो कोण?" आबाजीराव उसळले. त्यांचे सगळे खवले उभे राहिले. "नदीपलीकडचे खवले आहोत आम्ही! भिणारे तुम्ही असाल! चल गं, ऊठ. इथे सोयरीक होणे नाही."

आवाज एवढा चढला, की साऱ्या हॉटेलचं खाणं थांबलं. साळिंदराने भजी खाली ठेवली. आयुष्यभर गुंडोपंत ज्याला भ्यायले होते, ते त्या क्षणी खरोखर घडलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. आणि गुंडोपंतांना, काय सांगू, काहीसुद्धा वाटलं नाही.

त्यांनी शेवंतीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. आता ती म्हणणार, 'राहू दे बाबा.'

गुंडोपंतांना एकच उपाय दिसत होता. भ्यायला हवं होतं. पण भीती येईना! त्यांनी डोळे मिटले आणि साऱ्या हॉटेलच्या नजरा अंगावर घेतल्या. काही नाही. तेल लावलेला कोयता आठवला. तरी काही नाही, उलट हसू यायला लागलं. मग त्यांना घर दिसलं. म्हातारे झालेले आपण, आणि समोर तशीच बसलेली शेवंती, एकटी, वारुळाकडे पाठ करून. ती आपली समजूत घालतेय. तेव्हा मात्र गुंडोपंतांच्या काळजात अशी धडकी भरली, की खवला न् खवला मिटला आणि ते गोल होऊन टेबलाच्या मधोमध जाऊन पडले.

 मग आबाजीरावांनी मोठा सुस्कारा सोडला आणि तेही गोल झाले. लगोलग यमुनाबाई. लगोलग वसंता, तो तर वाटच बघत होता. वेणूबाईंनी डोळे पुसले, नवऱ्याच्या गाठोड्याकडे एकदा मायेने पाहिलं आणि त्याला खेटून गोल झाल्या. शेवंती शेवटी. ती वसंताच्या शेजारी गोल झाली. शेपट्यांची टोकं मात्र दोघांनीही चुकून बाहेर ठेवली.

भटारखान्यातून रानडुक्कर डोकावलं. "सहा फणस?" म्हणत त्याने खोबरेलाकडे हात नेला.

"नको रे," बजाबा म्हणाला. "गिऱ्हाइकं आहेत. बोलणी चाललीत."

बोलणी खरंच चालली होती.

"पंत," एका गाठोड्यातून आबाजीरावांचा दबका आवाज आला, "तुम्हीपण?"

"लहानपणापासून," दुसऱ्या गाठोड्यातून गुंडोपंत म्हणाले.

"मग रोज येता ते?"

आता गुंडोपंतांनी आयुष्यातली पहिली थाप मारली. "रोज येतो, मिसळ समोर ठेवून असाच पडून राहतो, आणि घरी जाऊन हिच्या हातचं जेवतो."

"बघा! घरंदाज आहेत हो माणसं," यमुनाबाईंचं गाठोडं म्हणालं.

"त्या धनेशाने सांगितलं, तुम्ही फार पुढारलेले, बाहेरच बसायचं म्हणता," आबाजीराव म्हणाले. "त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला झोप नाही."

"आम्हालाही त्याने तेच सांगितलं."

धनेश त्या वेळी वरच्या फांदीवर बसून लग्न जमवल्याबद्दल मिळायची फळं आगाऊ खात होता. त्याने पानाआड तोंड लपवलं.

सोयरीक जमली. मिसळ पार्सल घेतली आणि सगळ्यांनी करवंदीच्या जाळीमागे, एकमेकांकडे पाठी करून, आनंदाने खाल्ली. पुढे लग्नही थाटात झालं. पंगत अशी बसली होती, की कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. नदीपलीकडे शेवंती सुखात नांदू लागली.

आणि गुंडोपंत? त्यांची हॉटेलची भीती गेली ती गेलीच. पण आता ते हॉटेलात कसे जाणार? व्याह्यांचं कुणी पाहिलं तर? पोरीला बोल लागायचा. चार दिवस त्यांनी कळ काढली. पाचव्या दिवशी रश्शाचा वास नाकात शिरला आणि त्यांनी डोक्यावर सागाचं पान घेतलं, वडाला मोठा वळसा घातला आणि हॉटेलचं मागचं दार गाठलं. तिथे त्यांच्या पुढे पार्सलसाठी बगळेमहाराज उभे होते.

"काय पंत," महाराज पंखाआडून पुटपुटले, "भीती गेली ना?"

"ती गेली महाराज. आता एकच नवीन लागलीय."

"कसली?"

"मी न भिता खाताना कुणी बघेल, याची."

महाराजांनी डोळे मिटले. "त्यावर आपलं शिबिर नाही," ते म्हणाले. "असतं तर मीच बसलो असतो."

तात्पर्य : मुलांनो, चारचौघांत बिनधास्त खायला जरूर शिकावं, फक्त आपण ते शिकलो आहोत, याची चारचौघांना गंधवार्ता लागू देऊ नये.